अगं बाई, हिची साल निघाली!

सध्या घराघरांतून माणसं गायब होताहेत. पोलिसांत जाऊ नका, कुणी पळून गेलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ‘जरा बरं नाही’ म्हणून ऑफिसातून लवकर निघतात, शनिवार-रविवार बेल वाजवली तरी दार उघडत नाहीत, आणि सोमवारी स्कार्फ, गॉगल, मास्क असा दरोडेखोरी थाट करून लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहतात. आठ-दहा दिवसांनी स्कार्फ उतरतो. आतून निघतं ते तोंड आपल्या ओळखीचंच असतं, फक्त जरा नितळ, जरा चकचकीत. कुणी विचारलंच, ‘काय गं, काय केलंस?’ तर उत्तर ठरलेलं: ‘काही नाही गं, हल्ली पाणी खूप पिते.’

पाणी! पाण्यानं माणसं अशी उजळत असती तर वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणात रात्री दिवे लावायची गरज पडली नसती.

बाईनं तोंडाला ॲसिड लावलंय हो. होय, ॲसिडच. अपॉइंटमेंट घेऊन, पैसे मोजून आणि वर ‘दुखलं तर चालेल’ अशा अर्थाच्या कागदावर सही करून. ज्या घरात संडास धुवायच्या ॲसिडची बाटली सगळ्यात वरच्या फळीवर, पोराबाळांचा हात पोचणार नाही अशी ठेवतात, त्याच घरातली सून शनिवारी सकाळी क्लिनिकच्या खुर्चीत डोळे मिटून पडते, एक मुलगी तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ब्रश फिरवते आणि दुसरी हातपंख्यानं वारा घालते. सासूबाईंना सांगितलंय, फेशियलला जातेय.

यालाच म्हणतात केमिकल पील. आणि याच्या बातमीपेक्षा याची कृती जास्त सनसनाटी आहे, ती ऐका. आपल्या कातड्याचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. खालून नवी पेशी वर यायला साधारण महिना लागतो, आणि वय वाढलं की त्याहून जास्त. हलकं ॲसिड या मेलेल्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे बंध सोडवतं. ॲसिडचा जोर वाढवला, तर ते खालच्या जिवंत थरात उतरतं आणि तिथली प्रथिनं गोठवतं. शरीराला वाटतं, भाजलं! मग ते घाबरून, कामं बाजूला टाकून, नवं कातडं तयार करायला बसतं. डॉक्टर म्हणतात हा उपचार आहे. माझी आजी म्हणाली असती, ‘मेले, भाजून घेतलंस की!’ दोघांचंही बरोबर आहे. पील म्हणजे मोजूनमापून घेतलेला चटका.

तिसऱ्या दिवसापासून तोंडाच्या कडेनं, ओठांच्या आजूबाजूनं साल सुटायला लागते, आणि मग पावसाळ्यात पोपडे धरलेल्या भिंतीसारखा चेहरा घेऊन माणूस घरात बसतो. हात शिवशिवतात. साल ओढायची नाही, अशी ताकीद असते. ओढली की खाली डाग राहतो. ज्यांना नखाच्या कडेचं सालपट सुद्धा सोडवत नाही, त्यांनी आठवडाभर काय भोगलं असेल, कल्पना करा. गंमत म्हणजे हलक्या ग्लायकॉलिक पीलनंतर कित्येकदा डोळ्यांना दिसेल अशी साल निघतच नाही. अशा बायका बिचाऱ्या पैसे वाया गेले म्हणून डॉक्टरशी भांडतात. भाजलं नाही म्हणून भांडण!

बरं, क्लिनिकच्या भिंतीकडे पाहिलंत? फळवाल्याचं दुकान लावलेलं असतं. उसाचं कांडं म्हणजे ग्लायकॉलिक, दुधाचा पेला म्हणजे लॅक्टिक, कडू बदाम म्हणजे मँडेलिक, द्राक्षाचा घड म्हणजे टार्टारिक, सफरचंद म्हणजे मॅलिक. बघणाराला वाटावं, आत गेलं की प्रसादाची वाटी देतील. त्यातल्या उसावर तर आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या माणसाची छाती फुगते. पण छाती जरा आवरा. उसात ग्लायकॉलिक ॲसिड असतं हे खरं, बाटलीतलं मात्र बहुतेक वेळा रासायनिक कारखान्यात, फॉर्मॅल्डिहाइडसारख्या मालापासून तयार झालेलं असतं. साखर कारखान्याच्या चेअरमनला यातला एक पैसाही मिळत नाही, आणि मिळाला असता तर एव्हाना त्यावरून निवडणुकीत पॅनेलं उभी राहिली असती.

आपल्या आज्यांना हे कळलं नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. आंबट दही आणि डाळीचं पीठ तोंडाला फासून त्या बसायच्या, ते दुसरं काय होतं? आंबट दह्यात लॅक्टिक ॲसिडच असतं. फक्त इतकं थोडं, की फार तर तोंडाला वास यायचा आणि मांजर मागे लागायचं. इजिप्तची क्लिओपात्रा दुधानं न्हायची म्हणतात. न्हात असेल बापडी, महाराणी होती. तिला लिफ्टमध्ये कुणी विचारत नव्हतं.

आता खरी चावट गोष्ट सांगते. हा सगळा प्रकार जन्मापासून गुपितांवरच पोसलेला आहे.

सुरुवात तशी सभ्य. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे फर्डिनांड फॉन हेब्रा हे नामांकित त्वचारोगतज्ज्ञ तोंडावरचे डाग घालवायला फिनॉलसारखी जहाल द्रव्यं वापरत. 1882 साली हॅम्बुर्गच्या पॉल गेर्सन उना यांनी सॅलिसिलिक ॲसिड, रेसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड त्वचेवर काय करतात ते लिहून ठेवलं. आजच्या क्लिनिकच्या कपाटातल्या निम्म्या बाटल्या उनासाहेबांनी त्याच काळात ओळखल्या होत्या. आपण ‘लेटेस्ट ट्रीटमेंट’ म्हणून ज्याचे पैसे देतो, ते लोकमान्यांच्या ‘केसरी’च्या पहिल्या वर्षांतलं आहे.

मग गोष्ट घसरली. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये ला गास नावाचे एक डॉक्टर बंदुकीच्या दारूनं भाजून डागाळलेल्या चेहऱ्यांवर फिनॉल लावून वर पट्टी बांधत. त्यांची मुलगी आंत्वानेत ही विद्या घेऊन अमेरिकेत, थेट लॉस एंजेलिसला गेली. ती डॉक्टर नव्हती. पण हॉलिवूड शेजारी होतं, आणि तिथल्या तारकांना डॉक्टरपेक्षा तोंड बंद ठेवणारं माणूस हवं होतं. बघता बघता डॉक्टरकीशी संबंध नसलेल्या सालकाढ्यांचा धंदा कॅलिफोर्नियापासून फ्लोरिडापर्यंत पसरला. प्रत्येकीची बाटली वेगळी, प्रत्येकीचं मिश्रण घराण्याचं, आणि आत काय आहे ते मरेपर्यंत सांगायचं नाही! गिऱ्हाईक येणार, तोंडाला चिकटपट्ट्यांचा मुखवटा बांधून घेणार, आठवडे-दोन आठवडे पडद्याआड राहणार आणि दहा वर्षं मागे जाऊन बाहेर येणार. डॉक्टरांचा जळफळाट झाला. शेवटी 1960च्या आसपास मायामीचे थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन या प्लास्टिक सर्जनांनी अशाच प्रकारचं मिश्रण डॉक्टरी मासिकात चक्क छापून टाकलं. त्यात 3 मिली फिनॉल, 2 मिली पाणी, 8 थेंब द्रव साबण आणि 3 थेंब क्रोटन तेल.

हे क्रोटन तेल म्हणजे काय, ओळखा पाहू? जमालगोटा!

होय, तोच. ज्याचं एक बी चुकून पोटात गेलं तर माणूस दिवसभर लोटा घेऊन फिरतो, तो जमालगोटा. आपल्याकडे ज्याची धमकी नावडत्या पाहुण्याला देतात, त्याच्या बियांचं तेल हॉलिवूडच्या नायिका गालांना लावून घेत होत्या. आणि याहून कहर असा, की चाळीस वर्षं डॉक्टर मंडळी समजत होती की काम फिनॉल करतं आणि ते तेल आपलं तोंडीलावणं. 2000 साली ग्रेगरी हेटर या लास वेगासच्या सर्जननं लागोपाठ लेख लिहून दाखवून दिलं की पील किती खोल जाईल ते मुख्यतः जमालगोट्याच्या थेंबांवर ठरतं. दोन थेंब इकडचे तिकडे झाले की जखमेची खोलीच बदलते. म्हणजे चाळीस वर्षं ज्यांनी हे केलं, त्यांनाही बाटलीत नेमकं कोण काम करतंय ते ठाऊक नव्हतं. याला म्हणतात गुपित.

फिनॉलचं हे खोल पील आपल्याकडे सहसा करत नाहीत, ते बरंच आहे. फिनॉल कातड्यातून रक्तात उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. म्हणून ते करताना ईसीजीची तार लावतात आणि एक गाल झाला की दहा-पंधरा मिनिटं थांबून मग दुसरा. गोऱ्या कातडीवरही त्यानं चेहरा कायमचा पांढुरका होऊ शकतो. आपल्यावर काय दिसेल? मान एका माणसाची, तोंड दुसऱ्याचं.

आणि इथेच आपली खरी भानगड आहे. 1975 साली हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते यावरून त्वचेची वर्गवारी मांडली, ती पुढे एक ते सहा अशी झाली. आपण बहुतेक चार-पाचमध्ये बसतो. आपलं कातडं रागीट. त्याला जराशी इजा झाली की ते लगेच काळं पडून दाखवतं. डास चावला तरी महिनाभर डाग राहतो, मग भाजल्यावर काय? त्यामुळे ज्या वांगासाठी पील करायला गेलो, तेच वांग नको त्या पीलनं दुप्पट होऊन परत येतं. म्हणून चांगला त्वचारोगतज्ज्ञ पहिल्या दिवशी ब्रश हातात घेतच नाही. दोन ते चार आठवडे क्रीम आणि सनस्क्रीन लावायला सांगतो, ओठांवर हर्पिसचे फोड आधी कधी आले होते का, मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का, दिवस गेलेत का, असे प्रश्न विचारतो, आणि मग हलक्या पीलपासून सुरुवात करतो. ते सुद्धा महिन्याच्या अंतरानं चार-सहा वेळा. तेवढं करून मुरुम, त्यांचे काळे डाग, वांग यात फरक पडतो, हे मी नाक मुरडत का होईना, मान्य करते. मुरुमांच्या खोल खड्ड्यांसाठी तर एक अजब प्रकार आहे. जहाल ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडमध्ये टोकदार काडी बुडवून एकेका खड्ड्याच्या तळाशी टेकवायची, की तिथं पांढरा ठिपका उमटतो आणि पुढच्या आठवड्यांत खड्डा तळातून भरत येतो. काडी बरेचदा दात कोरायची असते. एवढं शास्त्र पुढे गेलं आणि शेवटी टूथपिक.

पण इतका धीर आहे कुणाला? लग्न वीस दिवसांवर आलंय! नवरीच्या ‘प्री-ब्रायडल पॅकेज’मध्ये मेंदी, वॅक्सिंग, हेअर स्पा आणि मधोमध दोन पील घुसडलेली असतात. त्यातलं एक हळदीच्या तीन दिवस आधी. ताज्या सोललेल्या तोंडावर हळद चोळणार म्हणजे मांडवात सनई आधी वाजणार की नवरी आधी ओरडणार, हे करवल्यांनी ठरवावं. आणि हे कशासाठी? ‘जरा उजळ दिसावी’ म्हणून. फेअर अँड लव्हलीनं 2020 साली नावातून ‘फेअर’ काढून टाकलं, पण वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मातून ‘गोरी, सडपातळ’ काही जाईना. पीलनं डाग उतरतात, रंग उतरत नाही. जन्माचा सावळा रंग हा डाग नाहीच, तर उतरणार काय?

माझा खरा संताप मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. आपली बाई बाजारात उभी राहते तेव्हा कोथिंबिरीची जुडी उलगडून आतली पिवळी पानं मोजते. साडी घेताना जर खरी की खोटी ते काठ उलटून बघते. शेजारणीच्या जावयाचा पगार, त्यातला कापून हातात येतो तो आणि बोनस धरून येतो तो, दोन्ही तिला तोंडपाठ असतात. आणि हीच बाई स्वतःच्या तोंडाला लागणाऱ्या बाटलीत काय आहे ते विचारत नाही! ‘कुठलं पील केलंस?’ विचारा, उत्तर येतं: ‘ग्लो पील.’ नाहीतर ‘पार्टी पील’. नाहीतर ‘हॉलिवूड पील’, ज्यात ॲसिड औषधालाही नसतं, तोंडाला कोळशाची पूड फासून लेझर मारतात. किती टक्के? माहीत नाही. कुणी लावलं? ‘तिथली मुलगी’. मुलीनं काय शिक्षण घेतलं? ‘कोर्स केलाय तिनं.’ आंत्वानेतबाई वर बसून हसत असतील.

टक्केही एकटे कळून उपयोग नाही, हे आणखी एक. तीस टक्के ग्लायकॉलिक म्हटलं तरी त्याचा पीएच साडेतीन असेल तर ते पाळीव, आणि एकच्या आसपास असेल तर ते चावतं. शिवाय ते किती मिनिटं ठेवलं हेही आलं. ग्लायकॉलिकला वेळेवर थांबवावं लागतं, पाण्यानं किंवा सोड्याच्या पाण्यानं. आपण ढोकळ्यात घालतो तोच सोडा. सॅलिसिलिकचं तसं नाही, ते आपलं आपण थांबतं आणि तोंडावर पांढरी पूड सोडतं. ट्रायक्लोरोॲसेटिकमध्येही तोंड पांढरं पडतं, पण ती पूड नसते, ती तुमची गोठलेली प्रथिनं असतात. पार्लरातल्या मुलीला या दोन पांढऱ्यांतला फरक कळतो का, एवढं तरी विचारा, साडीच्या काठाइतकं.

आणि ज्यांना पार्लरही परवडत नाही किंवा लाज वाटते, त्यांनी बाथरूममध्येच दुकान थाटलंय. टोरांटोच्या द ऑर्डिनरी या ब्रँडचं ते लालभडक पील मोबाइलवर फिरलं आणि घराघरांतल्या पोरी रक्तानं माखल्यासारख्या तोंडानं सेल्फी काढू लागल्या. एका आजोबांनी नातीला तशी बघून देवासमोर उदबत्ती लावली, असं मी ऐकलंय. पीलच्या बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं, दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. पण दहा मिनिटांत फोन येतो, फोनवर मावशी असते, आणि मावशीचं कधी दहा मिनिटांत आटपलंय? ते पील तरी तीस टक्के एका जातीच्या आणि दोन टक्के दुसऱ्या जातीच्या ॲसिडांचं. ऑनलाइन तर जहाल ट्रायक्लोरोॲसेटिक सुद्धा पार्सलनं घरी येतं. 2024च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं जाहीर बजावलं, असली तीव्र पील डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घरी लावू नका, भाजतं, डाग पडतात. अमेरिका घाबरली, आमच्या पोरी मात्र ‘कूपन कोड’ विचारताहेत.

पुरुषांनो, हसू नका. नवरदेवांची पॅकेजं आता नवरीच्या पॅकेजच्या शेजारीच टांगलेली असतात. आणि साठीच्या काकांचं तर वेगळंच. मुलाच्या लग्नाच्या फोटोत मान काळी दिसली म्हणून एक काका गुपचूप मानेचं पील करायला गेले. डॉक्टर हुशार निघाल्या. त्यांनी मानेवरचा तो मखमली काळा पट्टा पाहिला आणि पील राहू दिलं बाजूला, हातात रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी ठेवली. मानेवर, काखेत असा जाड काळेपणा येतो तो पुष्कळदा शरीर इन्शुलिनला दाद देत नाही म्हणून. ॲसिडनं तो जात नाही, जिलेबी कमी केल्यानं जातो. काका गेले होते उजळायला, आले साखर मोजून. पंगतीत त्यांनी जिलेबीचं ताट परत पाठवलं तेव्हा वाढप्याला वाटलं, रुसलेत.

पीलच्या बाबतीत अमेरिकन बायकाही काही कमी नाहीत म्हणा. ‘सेक्स अँड द सिटी’ मालिकेत 2002 साली समँथा नावाची नायिका मैत्रिणीच्या पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाआधी पील करून येते, लालबुंद तोंड घेऊन. निदान ती समारंभाला तशीच जाते. आमच्याकडे समारंभच टाळतात आणि ‘व्हायरल झालंय’ असा निरोप धाडतात.

ताजी खबर मात्र तोंडाची नाहीच. आता पायांची साल काढताहेत! लॅक्टिक आणि ग्लायकॉलिकसारख्या ॲसिडांचा रस भरलेले प्लास्टिकचे मोजे तासभर घालून बसायचं, मग पाय धुवायचे. चार-पाच दिवस काही होत नाही. माणूस विसरूनही जातो. आणि मग एके दिवशी तळव्यांची कातडी पापुद्रे धरून सुटते, इतकी की गादीवर, सोफ्याखाली, पायपुसण्यावर बघावं तिकडे आपलेच अवशेष. परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई नेमक्या अशा पाचव्या दिवशी आल्या. दारात चपला काढल्या, सतरंजीवर बसल्या, तिळगूळ घेतला, गोड गोड बोलल्या आणि गेल्या. यजमानीणबाईंनी नंतर झाडू मारला. त्यांनी त्या दिवशी स्टीलच्या डब्या लुटल्या होत्या. पाहुण्यांनी काय लुटलं, ते मी छापत नाही.